पटवलेला होकार

नेंगाहला मी पटवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात पुढे कित्येक दिवस कुणीच हे उघड बोललं नाही, आणि मला त्यांचं ते न बोलणं फार जड गेलं.

नेंगाह म्हणजे रस्मिनीचा मित्र. मित्र म्हणजे तसलाच मित्र. आणि रस्मिनी माझी थोरली बहीण, मी तिला म्बोक म्हणते. ती देनपसार शहरात दातांच्या दवाखान्यात कामाला जाते, तो तिथेच एसी दुरुस्त करत फिरतो. दवाखान्याचा एसी गळत होता, तिथून सुरू झालं आणि चार वर्षं झाली तरी गळतंच आहे, असं मेमे म्हणायची. मेमे म्हणजे आई. तिची जीभ म्हणजे भाताच्या लोंब्या कापायचं पातं, दिसत नाही पण कापतं.

आम्ही दोघी मुलीच. मुलगा नाही. म्हणजे आमच्यातल्या एकीने घरी राहायचं, नवरा घरी आणायचा आणि अंगणातलं पूर्वजांचं देऊळ चालवायचं. आमच्या पश्चिमेकडच्या ताबानान जिल्ह्यात ह्यात कुणाला काही वाटत नाही. आमच्याच गल्लीत तीन घरजावई आहेत, त्यातले एक माझे बापा, म्हणजे वडील. पण नेंगाह पूर्वेकडचा, कारांगासेमचा. तिकडे मुलगा बायकोच्या घरी राहायला गेला तर तो मेला असं कुणी म्हणत नाही, पण त्याच्याविषयी बोलताना आवाज तेवढाच खाली आणतात. ताबानानच्या मुलीने पूर्वेकडच्या मुलावर जीव लावायचा, ही चूक आमच्या मुली वरचेवर करतात. शहरात कामाला गेलं की कुणाच्या कपाळावर जिल्हा लिहिलेला नसतो ना.

तर त्या दोघांनी चार वर्षं हा विषय टाळला. आणि टाळण्यातच दोघं दमून गेली. म्बोक संध्याकाळी स्कूटरवरून यायची आणि हेल्मेट न काढताच पायरीवर बसायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आतमध्ये डोळे मिटलेले असायचे का उघडे, काचेतून कळायचं नाही.

"विचारलंस त्याला?" मेमे स्वयंपाकघरातून.

"विचारते."

"कधी?"

"मेमे, आत्ता घरात पाऊल ठेवलंय मी."

"ठेवलंयस म्हणूनच विचारतेय. उद्या दुसऱ्याच्या घरात ठेवशील, मग विचारू कुणाला?"

शेवटी मेमेने गालुंगानच्या सणापर्यंतची मुदत दिली. त्याच्या आत काय ते ठरवा. तो येतो म्हणाला तर आपण रीतसर मागणी घालायला जाऊ. नाही म्हणाला तर त्याचा नाद सोड, गल्लीतसुद्धा पोरं आहेत. म्बोकने हेल्मेट काढलं, खुंटीला लावलं आणि जेवायला बसली.

मला हे बघवेना. आणि खरं सांगायचं तर माझ्या अंगात तेव्हा वारं भरलं होतं. मार्चपर्यंत मी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा घाबरणारी मुलगी होते. मग बाईंनी जबरदस्तीने वादविवादाच्या चमूत घातलं आणि काय झालं कुणास ठाऊक, एक दिवस घशातलं बूच निघालं. शाळेत पहिली, तालुक्यात पहिली, जिल्ह्यात पहिली! समोरचा मुलगा बोलता बोलता अडखळतो आणि त्याच्या डोळ्यांत कळतं की आता हा संपला, त्या क्षणाला जी मजा येते ती मला दुसऱ्या कशात येत नाही. तेव्हा मला वाटायचं की जगातले सगळे गुंते म्हणजे कुणीतरी नीट मुद्दे न मांडल्यामुळे राहून गेलेले आहेत. चार वर्षं! अहो, मुद्दे मांडा ना!

म्हणून मी मांडले. आधी तीन दिवस न्हाणीघरात तयारी केली, बादलीला श्रोता मानून. मग देनपसारला स्पर्धेसाठी गेले होते तेव्हा नेंगाहला दुपारी एका खानावळीत गाठलं. म्बोकला सांगितलं नव्हतं. तो सकाळपासून कुठल्याशा हॉटेलच्या गच्चीवर होता, मानेवर उन्हाने कातडं सोललेलं, नखांत काळं. त्याच्यासमोर भात आणि काडीवर भाजलेल्या मांसाचे साटे होते, त्याला मी एक घास सुखाने खाऊ दिला नाही.

"तुम्ही तिघं भाऊ," मी म्हटलं. "तुमच्याकडे देवळाला माणसं आहेत. आमच्याकडे नाहीत. हा पहिला मुद्दा."

"देक, जेवलीस का तू?" देक म्हणजे धाकटी, म्बोकसारखं तोही मला तेच म्हणायचा.

"दुसरा मुद्दा. लोक हसतील म्हणता. किती दिवस हसतील? सहा महिने. आणि म्बोक तुमच्याशिवाय रडेल किती दिवस?"

तो साट्याची काडी बोटांत फिरवत राहिला.

"आणि तिसरं. घर म्हणजे जिथून आपण निघालो ते नाही. घर म्हणजे जिथे आपली कुणीतरी वाट बघतं ते."

हे वाक्य माझं फार आवडतं होतं. मी ते म्हणून थांबले, स्पर्धेत थांबतात तशी. मग त्याने काही म्हटलं की मी उत्तर द्यायची. तो म्हणाला, आईला काय सांगू. माझ्याकडे उत्तर होतं. तो म्हणाला, मोठा भाऊ बोलणं टाकेल, त्याचंही होतं. तासभर झाला. शेवटी त्याने दोन्ही तळहातांनी डोळे चोळले आणि म्हणाला, "बरं, देक."

"बरं म्हणजे हो?"

"बरं म्हणजे हो."

मला वाटलं त्याला भरून आलंय.

म्बोकला त्याने स्वतःच सांगितलं, मी येतो म्हणून. ती त्या दिवशी हेल्मेट काढून, पळत घरात आली. मेमेने लगेच कॅलेंडर काढलं, चांगला दिवस बघितला. बापा कोंबड्यांना दाणे टाकत होते, ते फक्त "असं का?" म्हणाले आणि पुढचा पिंजरा उचलला. माझ्याविषयी नेंगाहने कुणाला सांगितलं नव्हतं. मीही नाही. पण मी आठवडाभर जमिनीपासून दोन बोटं वर चालत होते.

मागणीला आम्ही चौघंच गेलो. वाडीची माणसं दुसऱ्या खेपेला न्यायची असतात, पहिली भेट साधी. मेमेने कॉफी, साखर, तांदळाच्या वड्या आणि केळ्यांचा घड नेला, वर पानाचं तबक. शेजाऱ्यांची गाडी होती, बापा चालवत होते. क्लुंकुंगच्या पुढे बापांचं गाव लागतं. मला वाटलं थांबतील. त्यांनी फाट्यावर एकदा हॉर्न वाजवला आणि गाडी तशीच पुढे नेली.

"थांबायचं का?" मेमेने विचारलं.

"कुणाकडे?" बापा म्हणाले.

बापांचे वडील गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. त्या दहनाला बापा पाहुण्यांच्या मांडवात बसले होते, आमच्याबरोबर, आणि त्यांचे भाऊ पुढे होते. मला तेव्हा वाटलं होतं, बापांना आमच्याजवळ बसायचं असेल.

नेंगाहचं घर टेकडीच्या कडेला होतं. अंगण इतकं झाडलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. त्याचे वडील बारीक, ताठ बसणारे. आई रुंद, गुडघे दुखत असावेत, कारण खाली बसताना तिने खांबाला धरलं. मोठा भाऊ आला, हात जोडले आणि कोपऱ्यात पाठ टेकून बसला तो शेवटपर्यंत बोललाच नाही. कॉफी आली, तळलेली केळी आली. पाऊस कसा, भात कसा, रस्ता कसा झाला. मग बापांनी तबक पुढे सरकवलं आणि म्हणाले, "आम्ही मागायला आलोय. मुलगी देत नाही, मुलगा मागतोय. लाज वाटते, पण मागतोय."

"लाज कसली," नेंगाहचे वडील म्हणाले. "आमचा मुलगा कुणाला हवासा वाटला, हे आमचं भाग्य."

इतकं गोड म्हणाले की मी हातातलं केळं परत थाळीत ठेवलं.

मेमे म्हणाली, "तुमच्याकडे देवाच्या कृपेने तिघं आहेत..."

"आहेत," नेंगाहची आई म्हणाली. "तीन आहेत म्हणून एक जास्तीचा आहे, असं नाही हो." मग तिने केळ्यांची थाळी मेमेकडे ढकलली. "घ्या ना. गार होतील."

वडिलांनी नेंगाहकडे मान वळवली. "तुझं तू सांग. मोठा झालायस."

नेंगाह मांडी घालून बसला होता, नवा पांढरा सदरा, कमरेला गुंडाळलेलं चांगलं वस्त्र. त्याने एकदा म्बोककडे बघितलं. मग मान खाली घातली आणि गुडघ्याकडे बघत बोलायला लागला.

"आपल्याकडे देवळाला माणसं आहेत. त्यांच्याकडे नाहीत. लोक हसतील ते सहा महिने हसतील." थोडं थांबला. "घर म्हणजे जिथून आपण निघालो ते नाही. घर म्हणजे जिथे आपली कुणीतरी वाट बघतं ते."

शब्दन् शब्द. थांबलासुद्धा माझ्याच जागी. पाठ केलेली कविता शाळेत म्हणतात तसं. माझे कान तापले. आणि मी वर बघितलं तर बापा माझ्याकडेच बघत होते. न्हाणीघराची भिंत पातळ आहे. तीन दिवस बादलीबरोबर त्यांनीही ऐकलं होतं.

ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि नेंगाहला विचारलं, "सकाळी उठल्यावर आधी कुठे बघतोस, बाळा?"

नेंगाह गोंधळला. "म्हणजे... डोंगराकडे. अगुंगकडे."

"आमच्याकडे देवाची दिशा बातुकाऊ डोंगरावरून धरतात. डोंगर बदलतो. मला पंचवीस वर्षं झाली. अजून कधीकधी झोपेतून उठलो की चुकीच्या बाजूला हात जोडतो. मग आठवतं." ते नेंगाहच्या वडिलांकडे वळले. "माफ करा. मी ह्याला नेणार नाही."

"काय?" मेमे म्हणाली.

"तो हो म्हणाला, पण गुडघ्याला म्हणाला. मीही तसाच म्हणालो होतो."

एक कोंबडा तेवढ्यात आरवला आणि कुणी त्याला हाकललंही नाही.

मेमेचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. ती परक्या घरात आहे हे विसरली. "पंचवीस वर्षं! म्हणजे पंचवीस वर्षं तुम्ही माझ्याकडे नाइलाजाने राहिलात?"

"तुझ्याकडे नाही गं. तुझ्याबरोबर मी खुशीने राहिलो. तुझ्या घरी राहून दमलो. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, मलाही त्या वेगळ्या करायला फार वेळ लागला."

"आणि मी दमले नाही? एकोणीस वर्षांची होते मी. भात उतरवत होते तेव्हा आजोबा म्हणाले, तू राहायचंस. मी म्हटलं बरं. मला तर बघायला गुडघासुद्धा कुणी दिला नाही, हातात पातेलं होतं!"

नेंगाहची आई फसकन हसली. मग तोंडावर पदर धरला. मग मेमेही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दोघी एकमेकींकडे बघून अशा माना हलवायला लागल्या, जशा काही शाळेत एका बाकावर होत्या.

आणि मग ते झालं ज्याची मला भीती वाटायला हवी होती पण तोवर वाटलीच नव्हती. सगळे हळूहळू माझ्याकडे बघायला लागले. म्बोक गेली तर उरते कोण? सोळा वर्षांची, जिल्ह्यात पहिली. मी तोंड उघडलं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, छान वाक्य, त्यात त्याग होता आणि शेवटी थांबायची जागाही होती. "मी राह..."

"तू केळं खा," बापा म्हणाले.

मी केळं खाल्लं. गार झालं होतं.

तेव्हा म्बोक पहिल्यांदा बोलली. इतका वेळ तिच्याविषयी सगळं चाललं होतं आणि ती तबकाच्या कडेची एक पाकळी सरळ करत बसली होती. मोठ्या पुरुषाला मारतात त्या हाकेने तिने थेट नेंगाहला विचारलं, "ब्ली, तुला यायचंय का? खरं सांग. माझं रागावायचं तेवढं रागावून झालंय, आता अंगात जोर नाही."

"मला तुझ्याबरोबर राहायचंय," तो म्हणाला. "यायचं नाहीये."

"मग चार वर्षं हे का नाही बोललास?"

"तू का नाही विचारलंस?"

"कारण मला उत्तर माहीत होतं," म्बोक म्हणाली.

बापा उठले. "पोरी, आता तू ठरव. जायचं, नाही जायचं, कुणाशीच लग्न नाही करायचं. मी विचारणार नाही. तुझी आई विचारणार नाही. आणि ही आमची मैना तर अजिबात तोंड उघडणार नाही."

परत येताना गाडीत म्बोक खिडकीला डोकं टेकून झोपल्याचं नाटक करत होती. मेमे पुढे बसली होती. बापांच्या गावचा फाटा मागे पडल्यावर ती म्हणाली, "पश्चात्ताप होतो?"

"नाही," बापा म्हणाले.

"मग?"

"पश्चात्ताप नसला म्हणजे माणूस दमत नाही, असं थोडंच आहे?"

"खरंय," मेमे म्हणाली, आणि तिने पायातल्या चपला काढून पाय वर घेतले.

त्यानंतरचे आठ दिवस घरात कुणी कुणाला काही विचारलं नाही. मीठ जास्त झालं का हेसुद्धा नाही. न विचारणं आम्हाला जमत नव्हतं. मेमे म्बोकच्या पायरीपर्यंत जायची, तिथलं न पडलेलं पान उचलल्यासारखं करायची आणि परत यायची. मी शाळेत वादविवादाच्या सरावाला गेले, विषय मिळाला, उभी राहिले आणि पहिल्यांदाच समोरच्या मुलाचं बोलणं ऐकलं. म्हणजे उत्तर शोधायला नव्हे, नुसतं ऐकलं. तो बिचारा घामाघूम झाला होता आणि त्याला त्याचं म्हणणं खरंच वाटत होतं. बाईंनी विचारलं, "काय गं, आज दात काढून ठेवलेस का?"

त्या दिवशी मला नेंगाहचे तळहात आठवले, डोळे चोळणारे. मी त्याला पटवलं नव्हतं. दमलेल्या माणसाशी तासभर बोललं की तो हो म्हणतो, एवढंच. आणि त्याहून वाईट म्हणजे, ते मला त्या खानावळीतही कुठेतरी कळलं होतं. त्याने डोळे चोळले तेव्हा मी आणखी एक मुद्दा मांडला होता. तो थकलाय म्हणून थांबायचं सोडून, तो थकलाय म्हणून वेग वाढवला होता. मी त्याला फोनवर लिहिलं, माफ करा ब्ली. त्याने लिहिलं, "जेवलीस का?" एवढंच. मला रडू आलं.

रविवारी दुपारी म्बोक आणि मी ओट्यावर नारळाची कोवळी पानं कापत होतो, नैवेद्याच्या द्रोणांसाठी. मेमे पलीकडे चुलीपाशी. बापा अंगणात. म्बोकने सुरी खाली ठेवली.

"देक, तुला काय वाटतं? जाऊ का?"

आठ दिवस कुणी तिला विचारलं नव्हतं आणि आता ती मला विचारत होती. माझ्याकडे काय कमी मुद्दे होते? जा म्हणायला पाच, राहा म्हणायला पाच. आणि त्या पाचांतला एक तरी माझ्या स्वतःच्या भल्याचा होता, कारण ती राहिली तर मी मोकळी. तो मुद्दा आत बसून जोरजोरात हात वर करत होता.

"मला माहीत नाही, म्बोक," मी म्हटलं.

"तुला? माहीत नाही?"

"नाही."

तिने माझ्या केसांतून पानाचा तुकडा काढला. मग हाक मारली, जेवायला वाढ म्हणावं इतक्या साध्या आवाजात, "मेमे, जाते मी. नेंगाहकडे."

मेमेने चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. "ऐकलं."

"रागावलीस?"

"रागावेन की. सवड झाली की रागावेन." जरा वेळाने म्हणाली, "त्याच्या आईचे गुडघे दुखतात. जाशील तेव्हा तेल घेऊन जा इथलं. आणि पहिल्याच दिवशी सगळी कामं अंगावर घेऊ नकोस, मग जन्मभर उतरत नाहीत."

बापा पिंजरे धूत होते. ते नुसतं "बरं" म्हणाले.

म्बोक उठली, तिच्या खोलीत गेली आणि दुपारच्या भर उन्हात झोपली. झोपल्याचं नाटक नाही, खरी झोप, तोंड उघडं टाकून. चार वर्षांत मी तिला दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं.

मी एकटीच पानं कापत बसले. मेमे येऊन माझ्यासमोर बसली, म्बोकची सुरी उचलली. ती काही विचारणार असं मला वाटलं. मी वाट बघितली. तिने विचारलं नाही.

"मेमे," शेवटी मीच म्हटलं, "मग आता मी..."

"तू अकरावीत आहेस."

"पण पुढे कधीतरी..."

"पुढे कधीतरी विचारीन. तेव्हा हातातलं पातेलं खाली ठेवायला लावून विचारीन. आज मला कुणाला काही विचारायचं नाही." तिने पान दुमडलं, टाचलं, बाजूला ठेवलं. "नीट काप. कडा वाकड्या येतायत."

मी कडा सरळ कापायला लागले. मला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. खांद्यावर कुणीतरी हात ठेवलाय आणि अजून दाबलेला नाही, असं वाटत होतं. बापांनी अंगणात गाणी लावली.

"बंद करा ते," मेमे हळू आवाजात ओरडली. "पोर झोपलीय."